दोन पाण्यांचा दगड



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून पुष्कळांच्या मनात असे आले असेल की, तेलाच्या विहिरीत साचणारे क्षारांचे पुट हा काय वसंतातल्या संध्याकाळी ऐकावयाचा विषय झाला? इतिहास म्हटला की आपल्यापुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. मी ज्याचा इतिहास सांगणार आहे तो लोखंडी नळीच्या आतल्या अंगाला चढणारा एक पांढुरका थर आहे. त्याला ना पराक्रम ना वंशावळ. तरीही हा थर कोठून आला, तो काढून टाकण्यासाठी कोणी काय काय केले आणि काढलेला थर शेवटी कोणाच्या अंगावर पडला, हे शोधू लागले म्हणजे सव्वाशे वर्षांचा एक मोठा बोधप्रद वृत्तांत हाती येतो. तो आपणापुढे ठेवण्याचा माझा विचार आहे.

प्रारंभ घरातूनच करू. जुन्या वाड्यांतून न्हाणीघरात तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत विस्तव आणि भोवती पाणी, अशी त्याची रचना. विहिरीचे पाणी जड असेल तर काही वर्षांनी त्या नळीला पाण्याच्या अंगाने पांढरे, टणक पुट चढे. मग बंब तापावयास वेळ लागे, लाकडे अधिक जळत आणि घरातील वडीलमाणसे बंब तांबटाकडे धाडीत. हे पुट म्हणजे दुसरे काही नसून चुनखडी होय. जमिनीतून झिरपताना पाणी हवेतला व मातीतला कार्बन डायॉक्साइड वायू घेते, आणि त्या वायूच्या बळावर चुनखडीचा दगड थोडाथोडा विरघळवून आपल्या पोटात ठेवते. पाणी तापले की वायू निघून जातो. वायू गेला की दगड पोटात ठेवण्याचे पाण्याचे बळ जाते, आणि ते तो दगड भांड्याच्या अंगावर टाकून मोकळे होते.

हीच क्रिया पाणी न तापवताही होते. सोडावॉटरच्या बाटलीची गोटी आत दाबली की वायू फसफसून बाहेर पडतो, कारण बाटलीतला दाब एकाएकी उतरतो. जमिनीखाली हजार-दोन हजार मीटर खोल असलेले पाणी असेच दाबाखाली असते. ते विहिरीच्या नळीतून वर येऊ लागले की दाब उतरतो, वायू सुटतो आणि पाण्यातली चुनखडी नळीला चिकटते. बंबातले पुट आणि तेलविहिरीतले पुट ही अशी एकाच कुळातली आहेत. मात्र तेलविहिरीत आणखी एक प्रकारचे पुट तयार होते. ते एका पाण्याचे नसून दोन पाण्यांचे असते. आजच्या कथेचा खरा नायक, किंवा खलनायक म्हणा, तो दुसरा प्रकार आहे. पण त्याच्याकडे क्रमाने जाऊ.

पाणी दगड टाकते ही गोष्ट माणसाला प्राचीन काळापासून ठाऊक आहे. जर्मनीतील कोलोन शहराला आयफेल डोंगरातून पाणी आणण्यासाठी रोमन लोकांनी इसवी सनाच्या पहिल्या शतकात सुमारे ९५ किलोमीटर लांबीचा पाट बांधला. तो तिसऱ्या शतकापर्यंत चालला. तेवढ्या काळात त्याच्या आत चुनखडीचे इतके जाड थर बसले की, मध्ययुगातल्या गवंड्यांनी ते फोडून काढले, घासून चकचकीत केले आणि चर्चच्या खांबांना संगमरवर म्हणून वापरले. एका युगाची अडगळ दुसऱ्या युगाचे भूषण झाली. तेलविहिरींतल्या पुटाच्या नशिबी मात्र असे भाग्य आले नाही.

मिठाची विहीर, तेलाची विहीर

आधुनिक तेलव्यवसायाचा जन्म सन १८५९ च्या २७ ऑगस्टचा मानतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात टायटसव्हिल गावाजवळ एडविन ड्रेक याच्या विहिरीला त्या दिवशी सुमारे ६९ फुटांवर तेल लागले. परंतु ही विहीर खणण्याची विद्या तेलवाल्यांची नव्हती, ती मिठागरवाल्यांची होती. अमेरिकेच्या अंतर्भागात समुद्र दूर. तेव्हा जमिनीत खोल भोके पाडून खारे पाणी वर काढावयाचे आणि ते आटवून मीठ करावयाचे, हा उद्योग तेथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून चालू होता. ड्रेकसाठी भोक पाडणारा विल्यम स्मिथ हा मिठाच्या विहिरींवर काम केलेला लोहार होता. मिठाच्या विहिरीत अधूनमधून तेल येई तेव्हा मालक कपाळाला हात लावी, कारण तेलाने मीठ नासे. सॅम्युअल कीअर नावाच्या एका गृहस्थाने ते नकोसे तेल बाटल्यांत भरून औषध म्हणून विकले.

पुढे काळ उलटला. तेल हवेसे झाले आणि खारे पाणी नकोसे. पण जमिनीच्या पोटात ही दोघे शेजारीच राहतात. जेथे तेल आहे तेथे खाली किंवा बाजूला खारे पाणी आहेच. आणि विहीर म्हातारी होत जाते तसतसे तिच्यातून तेल कमी व पाणी जास्त येऊ लागते. तेलविहीर म्हणजे आयुष्याच्या उत्तरार्धात मुख्यतः पाण्याची विहीर होय, असे म्हटले तरी चालेल. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढचा सारा इतिहास समजतो.

पहिल्या पिढीला छळले ते क्षारांच्या पुटाने नव्हे, मेणाने. पेनसिल्व्हेनियाच्या तेलात मेण पुष्कळ. ते थंड झाले की नळ्यांत आणि खडकाच्या फटींत थिजून बसे. यंत्राच्या दांड्यांना चिकटलेले हे मेण कामगार खरवडून काढीत आणि भाजल्या-कापल्यावर लावीत. ते पाहून रॉबर्ट चीझब्रो याने त्यापासून शुद्ध मलम केले व १८७२ साली त्याचे पेटंट घेतले. तेच आपल्या घरातले व्हॅसलीन. दुसरा उपाय अधिक जहाल होता. एडवर्ड रॉबर्ट्स नावाच्या लष्करी गृहस्थाने १८६५ च्या जानेवारीत विहिरीच्या तळाशी सुरुंग उडवून बुजलेली विहीर मोकळी करून दाखवली. विहीर बंद पडली की तिला हादरा द्यावयाचा, हा त्या काळचा धर्म झाला.

आम्लाचा प्रयोग

सुरुंगाने मेण सुटते, खडक फुटतो. पण चुनखडीचे काय? ओहायोतील लायमा येथे तेल चुनखडीच्या खडकात होते. तेथल्या शुद्धीकरण कारखान्याचा मुख्य रसायनशास्त्रज्ञ हर्मन फ्राश हा जन्माने जर्मन. पुढे गरम पाण्याने जमिनीतला गंधक वितळवून वर काढण्याच्या कृतीमुळे त्याचे नाव जगभर झाले. त्याने १८९६ साली एक पेटंट घेतले. विचार अगदी सरळ होता. चुनखडीवर हायड्रोक्लोरिक आम्ल ओतले की ती फसफसून विरघळते; मग हेच आम्ल विहिरीत सोडले तर खडकातल्या वाटा रुंद होतील. प्रयोग साधला. परंतु जे आम्ल दगड खाते ते लोखंडही खाते. विहिरीची नळी वाचवण्यासाठी फ्राशने नळ्यांना आतून अस्तर देण्यासारखे उपाय सुचवले. ते खर्चाचे व कटकटीचे होते. उपाय मागे पडला आणि सुमारे तीस वर्षे त्याची आठवण फारशी कोणी काढली नाही.

तो पुन्हा वर आला तो पुटामुळेच. १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ओक्लाहोमात जिप्सी ऑइल या कंपनीच्या विहिरी चुनखडीच्या पुटाने भरू लागल्या. पोलादाच्या कारखान्यांत तापलेल्या पत्र्यावरचा गंज व पापुद्रा आम्लाने काढतात, आणि त्या वेळी खालचे पोलाद वाचावे म्हणून आम्लात एक रोधक द्रव्य मिसळतात. ती युक्ती तेलविहिरीवर आणण्यात आली. नळीचे पुट जाई आणि नळी राही.

यानंतरचा प्रसंग मिशिगन राज्यातला. तेथे डाऊ ही रसायनांची कंपनी होती. ती भूगर्भातल्या खाऱ्या पाण्यापासून ब्रोमीन आदी द्रव्ये काढी, आणि आपल्या खाऱ्या पाण्याच्या विहिरी आम्लाने साफ करण्याचा अनुभव तिच्या गाठी होता. शेजारच्या प्युअर ऑइल कंपनीच्या तेलविहिरी चुनखडीत होत्या व आटत चालल्या होत्या. ११ फेब्रुवारी १९३२ रोजी फॉक्स क्रमांक ६ या मृतवत् विहिरीत ५०० गॅलन आम्ल सोडण्यात आले. डाऊच्या जॉन ग्रेबी याने सुचवल्याप्रमाणे त्यात लोखंडाच्या रक्षणासाठी सोमलाचे संयुग घातले होते. विहिरीने दिवसाला १६ बॅरल तेल देण्यास सुरुवात केली. आकडा लहान आहे. पण मेलेले माणूस उठून बसले तर ते किती चालते हे कोणी विचारीत नाही. त्याच वर्षी डाऊने या कामासाठी डॉवेल नावाची स्वतंत्र कंपनी काढली.

येथे एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधतो. विहीर खणण्याची कला मिठागरातून आली, रोधक द्रव्य पोलादाच्या कारखान्यातून आले, आम्लाचा अनुभव खाऱ्या पाण्याच्या विहिरींवरून आला. जेव्हा जेव्हा एका धंद्यातले ज्ञान उंबरठा ओलांडून दुसऱ्या धंद्यात गेले, तेव्हा तेव्हा अडलेली विहीर सुटली. याची उलट बाजू आता पाहावयाची आहे.

पाण्याने तेल ढकलणे

पेनसिल्व्हेनियातील भूगर्भशास्त्रज्ञ जॉन कार्ल याने १८८० साली लिहिले की, टाकून दिलेल्या विहिरींतून पाणी खाली शिरले तर ते तेलाला शेजारच्या विहिरीकडे ढकलू शकते. लोक हे चोरून करू लागले, कारण विहिरीत पाणी शिरू देणे कायद्याने मना होते. अखेर १९२१ साली पेनसिल्व्हेनियाने त्याला कायदेशीर मान्यता दिली. ब्रॅडफर्डच्या जुन्या तेलक्षेत्राला त्यामुळे दुसरा जन्म मिळाला. काही विहिरींतून पाणी आत दाबावयाचे आणि मधल्या विहिरीतून तेल घ्यावयाचे, ही रीत हळूहळू जगभर पसरली.

समुद्रातल्या तेलक्षेत्रांवर तर यासारखी सोपी गोष्ट दुसरी नव्हती. सभोवार पाणीच पाणी. ते उचलावयाचे, गाळावयाचे आणि खाली दाबावयाचे. ब्रिटन व नॉर्वे यांमधील उत्तर समुद्रात १९७० साली फोर्टीज हे मोठे तेलक्षेत्र सापडले आणि १९७५ साली तेथून तेल येऊ लागले. तेथेही समुद्राचे पाणी दाबण्यात आले. येथे आपला दुसऱ्या प्रकारचा दगड रंगमंचावर येतो.

समुद्राच्या पाण्यात सल्फेट विपुल असते. एका लिटरमागे सुमारे २,७०० मिलिग्रॅम. उलट, कित्येक तेलक्षेत्रांच्या खाली जे पुरातन खारे पाणी असते त्यात सल्फेट जवळजवळ नसते, पण बेरियम हा धातू विरघळलेला असतो. दोन्ही पाणी आपापल्या जागी स्वच्छ, पारदर्शक. एकत्र आली की बेरियम आणि सल्फेट एकमेकांना मिठी मारतात आणि बेरियम सल्फेट नावाचा जड, पांढरा दगड तयार होतो. पोटाचा एक्स-रे काढण्यापूर्वी रोग्याला जे पांढरे बेरियम पाजतात तेच हे. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात. तरी हे द्रव्य रोग्याला निर्धास्तपणे पाजता येते, कारण ते विरघळतच नाही. लिटरभर पाण्यात उणेपुरे अडीच मिलिग्रॅम विरघळले तर विरघळले. जो गुण डॉक्टरांच्या कामी आला तोच तेलवाल्यांच्या मुळावर आला. चुनखडीवर जालीम ठरलेले हायड्रोक्लोरिक आम्ल या दगडापुढे हात टेकते.

त्याचा वेग किती असतो याचा हिशेब आपण येथेच करू. समजा, एका विहिरीतून दिवसाला १,००० घनमीटर पाणी येते. त्यातले निम्मे समुद्राचे व निम्मे मूळचे आहे, आणि मूळच्या पाण्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅम बेरियम आहे. म्हणजे दिवसाला १२५ किलो बेरियम आले. ते सारे सल्फेटशी जोडले गेले तर २१२ किलो दगड होईल; दर दिवशी दोन पोती! सगळा दगड नळीला चिकटत नाही, बराचसा पाण्याबरोबर वाहून जातो. पण दहावा हिस्सा चिकटला तरी मनगटाएवढी नळी बुजावयास किती दिवस लागणार? ब्रिटिश समुद्रातील मिलर तेलक्षेत्रात एका विहिरीचे उत्पादन दिवसाला ३०,००० बॅरलवरून अवघ्या २४ तासांत शून्यावर आले. कारण शोधता पुट सापडले.

उपाय अर्थातच शोधले गेले. पुट बसू लागण्यापूर्वीच त्याला अडवावे हा त्यांतला मुख्य विचार, आणि तोही बाहेरूनच आला. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात पाणी मृदू करण्याच्या उद्योगात असे आढळले होते की, दहा लाख भाग पाण्यात एका विशिष्ट फॉस्फेटचे दोन-चार भाग घातले तरी चुनखडी खाली बसत नाही. स्फटिक जन्मतो, पण त्याच्या अंगावर हे परके द्रव्य चिकटते आणि त्याची वाढ खुंटते. पाकाची साखर होऊ नये म्हणून आपल्या घरी दोन थेंब लिंबू पिळतात. तेथे रसायन निराळे आहे, पण थोडक्या द्रव्याने स्फटिकाची वाढ रोखण्याचे तत्त्व गृहिणींना नवे नाही. याच जातीची द्रव्ये तेलविहिरीच्या तळच्या खडकात दाबून भरतात, आणि ती पाण्याबरोबर हळूहळू परत येऊन कित्येक महिने नळीचे रक्षण करतात. १९८८ साली उत्तर समुद्रातील ब्रे क्षेत्रात याच्याही पुढचे पाऊल पडले. समुद्राचे पाणी खाली दाबण्यापूर्वी बारीक छिद्रांच्या पडद्यांतून नेऊन त्यातले सल्फेटच काढून टाकण्यात आले. दोन पाण्यांचे भांडण आहे, तर एकाच्या हातातले शस्त्रच काढून घ्यावे, असा हा न्याय.

रेडियमची वाट

येथवरची कथा मनुष्याच्या हिकमतीची झाली. आता थोडे मागे, आणि अगदी निराळ्या ठिकाणी जावयाचे आहे.

पॅरिसमध्ये १८९८ च्या डिसेंबरात मेरी व पिएर क्यूरी यांनी रेडियम या नव्या मूलद्रव्याचा शोध जाहीर केला. युरेनियमच्या खनिजाचा चोथा उकळून, गाळून, विरघळवून ती दोघे एकेक द्रव्य वेगळे करीत होती, तेव्हा किरण सोडणारे काहीतरी सदैव बेरियमच्या पाठोपाठ जाते असे त्यांना दिसले. बेरियम विरघळले की तेही विरघळे; बेरियम खाली बसले की तेही खाली बसे. मूलद्रव्यांच्या कोष्टकात दोघे एकाच रांगेतले, एका घरातले भाऊ. त्यांना एकमेकांपासून सोडवण्यात मेरी क्यूरी यांची चार वर्षे गेली, आणि १९०२ साली त्यांच्या हाती एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड आले. रेडियम बेरियमबरोबर जाते, हे असे रेडियमच्या जन्मापासूनच ठाऊक आहे. किंबहुना त्यावाचून रेडियम सापडलेच नसते.

१९०४ साली टोरांटो येथील बर्टन या शास्त्रज्ञाने कॅनडातल्या खनिज तेलातून किरणोत्सर्गी वायू निघतो असे दाखवून तसा निबंध प्रसिद्ध केला. तो वायू रेडियमपासूनच होतो. पुढे रशियात उत्तरेकडील उख्ता या तेलाच्या मुलखात, विहिरींच्या खाऱ्या पाण्यात रेडियम असल्याचे १९२६ साली आढळले. व्हर्नाद्स्की या थोर भूरसायनशास्त्रज्ञाने या प्रश्नात लक्ष घातले. १९३१ पासून तेथे त्या पाण्यातून रेडियम काढण्याचा उद्योग उभा राहिला, आणि तो उभा राहिला बंदी छावण्यांतील कैद्यांच्या श्रमांवर. कृती कोणती? पाण्यात बेरियमचे सल्फेट तयार करून खाली बसवावयाचे. म्हणजे रेडियम त्याच्याबरोबर आपोआप येते. उख्ताच्या टाक्यांत मुद्दाम जे घडवून आणीत होते, तेच ज्या ज्या तेलक्षेत्रांत बेरियमचे पाणी व सल्फेटचे पाणी एकत्र आले तेथील नळ्यांत कोणी न सांगता घडत होते.

रेडियम शरीरात गेले तर काय होते, हेही एव्हाना गुपित राहिले नव्हते. घड्याळांच्या तबकड्यांवर चमकणारा रेडियमचा रंग भरणाऱ्या अमेरिकेतल्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी सरळ करीत. रेडियम कॅल्शियमचाही भाऊबंद असल्याने ते त्यांच्या हाडांत जाऊन बसले. न्यू जर्सीतील त्या मुलींचा खटला १९२८ साली तडजोडीने मिटला, तेव्हा साऱ्या देशाच्या वृत्तपत्रांतून त्याची हकीकत आली होती.

आता या तीन गोष्टी शेजारीशेजारी ठेवा. रेडियम बेरियमबरोबर खाली बसते, हे १८९८ पासून माहीत. तेलक्षेत्राच्या पाण्यात रेडियम असते, हे १९२६ पासून माहीत. रेडियम शरीरात गेले तर हाडे कुजवते, हे १९२८ पासून माहीत. चौथे वाक्य शाळकरी मुलगाही जोडील: तर मग तेलविहिरीच्या नळीतले बेरियमचे पुट खरवडणाऱ्या माणसाला जपले पाहिजे. हे चौथे वाक्य उत्तर समुद्रात १९८१ साली उच्चारले गेले. अमेरिकेत १९८६ साली मिसिसिपी राज्यात एका विहिरीच्या दुरुस्तीत नळ्यांतले पुट किरणोत्सर्गी आढळले, तेव्हा तेथे गवगवा झाला. मधली पन्नास-पंचावन्न वर्षे नळ्या खरवडल्या जातच होत्या.

त्या कशा खरवडल्या जात ते सांगितले पाहिजे. पुट बसलेल्या नळ्या विहिरीतून उपसून एखाद्या आवारात आणीत. तेथे त्या ठोकून, घासून, आत फिरती हत्यारे घालून साफ करीत. कोरड्या घासण्याने पांढरा धुरळा उडे. तो कामगारांच्या नाकातोंडात जाई आणि उरलेला अंगणाच्या मातीत पडे. ज्या नळ्या पुन्हा विहिरीत घालण्यालायक नसत त्या भंगारात जात. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत त्यांची कुंपणे झाली, मुलांच्या क्रीडांगणावरची साधनेही झाली.

अतिशयोक्ती करून कोणाला भिववण्याची माझी इच्छा नाही. बंद नळीशेजारून जाणाऱ्याला या पुटापासून सहसा मोठा अपाय नाही. लोखंडाची भिंत बरेच किरण अडवते. धोका आहे तो धुरळ्याचा, श्वासावाटे आत जाण्याचा. ओले करून, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने, बंदिस्त जागेत आणि तोंडाला योग्य पट्टी बांधून हे काम केले तर ते बव्हंशी टळते. म्हणजे उपाय महाग नव्हता, अवघडही नव्हता. फक्त धोका आहे हे त्या माणसाला कोणीतरी सांगावयास हवे होते.

कोणत्या कंपनीला काय आणि केव्हापासून ठाऊक होते, यावर पुढे अमेरिकेच्या न्यायालयांत पुष्कळ वाद झाले. लुइझियानातील हार्वी येथे असे एक नळ्या साफ करण्याचे आवार होते. तेथील जमीन दूषित झाल्याच्या खटल्यात २००१ साली ज्यूरीने एका बलाढ्य तेल कंपनीला १०० कोटी डॉलरचा दंड ठोठावला. वरच्या न्यायालयांत ती रक्कम पुढे खूपच घटली. रेडियमचे अर्धायुष्य १,६०० वर्षांचे असते. माणसांचे खटले मिटतात. मातीत पडलेला धुरळा आपल्या गतीने चालत राहतो.

ज्ञान कोठे अडले?

एक प्रश्न आपल्या मनात आला असेल. आम्लाची युक्ती, रोधक द्रव्याची युक्ती, फॉस्फेटची युक्ती, या सगळ्या गोष्टी एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात इतक्या लवकर गेल्या; मग रेडियमची वार्ताच का गेली नाही? रसायन अवघड होते असे नव्हे. माझ्या मते उत्तर असे आहे की, पहिल्या प्रकारचे ज्ञान उचलले तर विहीर वाहू लागत होती, तेल मिळत होते. ते आणावयास माणसे धावत गेली, पेटंटे घेतली गेली, कंपन्या निघाल्या. दुसऱ्या प्रकारचे ज्ञान उचलले तर केवळ खर्च वाढणार होता, आणि ज्याला त्याचा लाभ होता तो नळी घासणारा रोजंदारीवरचा माणूस होता. त्याच्यासाठी धावत जाणारे कोणी नव्हते. भौतिकीच्या नियतकालिकातला निबंध आणि आवारातला धुरळा यांच्यामध्ये नदी नव्हती की डोंगर नव्हता. वाट रिकामी होती, चालणारा नव्हता.

हा इतिहास केवळ परमुलखाचा आहे असेही समजू नये. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात १९७४ च्या फेब्रुवारीत सागर सम्राट या जहाजाने मुंबई हायचे तेल शोधले आणि १९७६ च्या मे महिन्यात तेथून उत्पादन सुरू झाले. १९८० नंतरच्या दशकात तेथेही समुद्राचे पाणी खाली दाबण्यास आरंभ झाला. उरणच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या नळांतून जे येते त्यामागे हाच तेल आणि पाणी यांचा जुना शेजार आहे. मुंबई हायचा खडक मुख्यतः चुनखडीचा, उत्तर समुद्रातला बहुतांशी वालुकाश्माचा. तेव्हा तेथला बेरियमचा हिशेब जसाच्या तसा येथे लावणे चूक होईल. प्रत्येक तेलक्षेत्राचे पाणी स्वतंत्रपणे तपासावे लागते. परंतु पुट निघते तेथे ते कशाचे आहे, ते कोण काढतो, आणि काढलेले कोठे टाकतात, हे तीन प्रश्न सर्व ठिकाणी सारखेच विचारता येतात. ते विचारावयास रसायनशास्त्राची पदवी लागत नाही.

मघाशी मी बंबाचा उल्लेख केला. घरातले पुट कोणाच्या नजरेतून सुटत नसे, कारण लाकडे आपल्या पदरची जळत होती. तेलविहिरीतले पुटही मालकाच्या नजरेतून कधी सुटले नाही, कारण तेल त्याच्या पदरचे अडत होते. ज्या पुटाची झळ दुसऱ्याला लागते ते ओळखावयास पन्नास वर्षे लागली. या अवधीत माहिती वाढली ती थोडी; ती कोणाला सांगावयाची, याची जाणीव मात्र फार उशिरा आली. सभेत चार अनोळखी माणसांपुढे उभे राहून एका खोलीतली गोष्ट दुसऱ्या खोलीत सांगणे हे काम लहान दिसते. पण ते वेळेवर कोणी केले असते, तर त्या आवारांत काम केलेल्या कित्येकांनी नाकाला निदान एक ओला फडका बांधला असता.